लाकडी दांडीवर आटे पाडणं: ऑर्नामेंटल मिल बदलून घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातले सुतार, कातारी आणि घरच्या घरी लाकूडकाम करणारे हौशी लोक यांच्यासाठी ही माहिती आहे. शिकंजा, क्लॅम्प, पुस्तकबांधणीचा प्रेस, फिरकीच्या झाकणाचे डबे, दोन तुकड्यांत उघडणारी काठी, अशा सगळ्या कामांना लाकडी आटे लागतात. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत. जिथे इंचाचं माप रुळलेलं आहे तिथे तेही दिलं आहे.

ऑर्नामेंटल मिल म्हणजे नेमकं काय? ती आहे तशी का चालत नाही?

दोन रुळांची लांब चौकट, एका टोकाला लाकूड फिरवणारा स्पिंडल, दुसऱ्या टोकाला ते टेकवून धरणारा टेलस्टॉक, मधे धरलेलं लाकूड आणि वर रुळांवरून सरकणारा राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र; ते पातं म्हणजे बिट), अशी तिची रचना असते. स्पिंडल आणि लीड स्क्रू, म्हणजे राउटर पुढे सरकवणारा आट्यांचा लांब रॉड, गिअरने किंवा साखळीने जोडलेले असतात. त्यामुळे लाकूड फिरतं त्या प्रमाणात राउटर पुढे सरकतो आणि लाकडावर पिळाची नक्षी उतरते.

ही मिल बनवली ती पलंगाच्या आणि टेबलाच्या पायांवर दोरीसारखा पीळ काढायला. तिथे लाकडाच्या एका फेऱ्यात राउटर ५० ते १५० मिमी जातो. आट्यांसाठी तो एका फेऱ्यात ३ ते ६ मिमीच जायला हवा, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर (पिच) तेवढं येतं. म्हणून मूळ गिअर काढून वेगळे बसवावे लागतात. फिरवायची मूठही लीड स्क्रूवरून काढून स्पिंडलवर घ्यावी. दांडी किती वेगाने फिरते आहे हे मग थेट हाताला कळतं.

नेमके कोणते भाग बदलायचे?

लीड स्क्रू बारीक किंवा झिजलेला असेल तर २४ मिमी व्यासाचा, ५ मिमी पिचचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू आणि त्याला गनमेटलचा नट घ्यावा. हे प्रमाणित माप आहे, शिवाय ५ मिमी पिचमुळे पुढची सगळी गणितं सोपी होतात. स्क्रूच्या दोन्ही टोकांना थ्रस्ट बेअरिंग हवंच. स्क्रू स्वतःच पुढेमागे हलत असेल तर गिअर कितीही अचूक असोत, आटे डुलत पडतात.

गिअर १.५ किंवा २ मोड्यूलचे (दातांच्या आकाराचं माप) घ्यावेत. मधला गिअर खाच असलेल्या जाड पट्टीवर बसवावा, म्हणजे दातांची संख्या बदलली तरी तो सरकवून जुळवता येतो.

स्पिंडलवर नक्षीकामातला काटेरी सेंटर ठेवू नये. आटे पाडताना दांडी घसरली तर पुढचा पास, म्हणजे पुढचा काप, जुन्या खाचेत बसत नाही. तीन जबड्यांचं चक लावावं किंवा दांडीच्या टोकाला आरपार खीळ घालून ती पक्की अडकवावी.

शेवटचा भाग राउटरची बैठक. त्याला वरखाली सरकणारी स्लाइड आणि खोलीचा पक्का स्टॉप लागतो. पट्टीवर नुसता आवळलेला ट्रिमर (छोटा राउटर) थरथरतो आणि ती थरथर आट्यांच्या बाजूंवर लाटांसारखी उमटते.

गिअरचं गणित कसं करायचं?

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. यंत्रमागाच्या टेकअपमध्ये, म्हणजे कापड गुंडाळणाऱ्या भागात, चेंज व्हीलचे दात बदलले की इंचातल्या पिका (आडवे धागे) बदलतात, हे इथला प्रत्येक जॉबर जाणतो. तत्त्व तेच. कापड किती पुढे गुंडाळलं जातं त्याऐवजी राउटर किती पुढे सरकतो, एवढाच फरक.

आट्यांची पिच = लीड स्क्रूची पिच × स्पिंडलवरच्या गिअरचे दात ÷ लीड स्क्रूवरच्या गिअरचे दात.

लीड स्क्रू ५ मिमीचा असेल तर ४०:४० ने ५ मिमी, ३२:४० ने ४ मिमी, ४८:४० ने ६ मिमी पिच मिळते. मधल्या गिअरचे दात कितीही असले तरी या हिशेबात काही फरक पडत नाही.

इंचात ६ आटे हवे असतील, कारण बाजारातले लाकडासाठीचे बरेच टॅप (छिद्राच्या आत आटे कापणारं हत्यार) त्या मापाचे असतात, तर पिच ४.२३३ मिमी येते. ती तंतोतंत मिळवायला १२७ दातांचा गिअर लागतो. लाकडासाठी त्याची गरज नाही. ४४:५२ ने ४.२३१ मिमी मिळते. एका आट्यामागे फरक साधारण ०.००२५ मिमीचा, म्हणजे सहा आट्यांच्या नटमध्ये ०.०१५. लाकूड सकाळपासून दुपारपर्यंत याहून जास्त हलतं.

आटे उलटे पडतात. कुठे चुकलं?

लीड स्क्रू उजव्या आट्यांचा असेल तर स्पिंडल आणि लीड स्क्रू एकाच दिशेने फिरायला हवेत, तरच दांडीवर उजवे आटे पडतात. दोन गिअर थेट एकमेकांत अडकवले तर ते विरुद्ध फिरतात आणि उलटे आटे पडतात. मधे एक गिअर घाला. साखळी असेल तर हा प्रश्नच येत नाही, साखळीवरची दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात. शिकंज्याच्या जोडस्क्रूसाठी एका टोकाला उलटे आटे मुद्दाम हवे असतात, म्हणून मधला गिअर झटकन काढता येईल असाच बसवावा.

गिअर न बसवता काम होईल का?

होईल. स्पिंडलच्या मागच्या टोकाला हव्या त्या पिचचा आट्यांचा रॉड जोडायचा आणि त्याचा नट चौकटीवर पक्का बसवायचा. मूठ फिरवली की स्पिंडल, चक आणि दांडी सगळंच फिरत फिरत पुढे जातं. राउटर मात्र जागेवर स्थिर. रॉडची पिच तीच दांडीची पिच.

बाजारात मिळणाऱ्या एम ३६ रॉडची पिच ४ मिमी आणि एम ४८ ची ५ मिमी असते. जुन्या दीड इंची व्हिटवर्थ रॉडवर इंचात ६ आटे असतात. मोडीत असा तुकडा सापडला तर जपून ठेवावा.

या पद्धतीला मर्यादा दोन. एक, दांडी पुढे सरकत असल्यामुळे टेलस्टॉक लावता येत नाही, तिला राउटरजवळ बुशमधून (दांडी सरकेल अशा छिद्राच्या तुकड्यातून) आधार द्यावा लागतो. दोन, २५० ते ३०० मिमीपेक्षा लांब आटे पाडता येत नाहीत. एकाच मापाचे क्लॅम्प बनवणाऱ्यांना मात्र ही पद्धत गिअरपेक्षा बरी, कारण यात बिघडायला फारसं काही नाही.

सोलापुरात मिळणाऱ्या लाकडांपैकी कोणतं घ्यावं?

आट्याचा माथा म्हणजे रेषेला आडवा कापलेला लाकडाचा पातळ काठ. त्याला धरून ठेवणारा रेषा जेमतेम मिलिमीटरभर लांब असतो. म्हणून लाकूड नुसतं कठीण असून भागत नाही, त्याचा पोत बारीक आणि सगळीकडे सारखा हवा.

हळदू उत्तम. त्याचा पोत इतका सारखा असतो की गिरण्यांचे बॉबिन आणि फण्या त्याच्या करत आले आहेत. शिसव घट्ट आहे, आटे धारदार पडतात, पण महाग. धावडा चिवट, गाड्यांच्या आसांचं आणि दांड्यांचं लाकूड. मोठ्या शिकंज्यांना तो शोभतो, मात्र पूर्ण वाळलेला असला पाहिजे. बाभूळ जिल्ह्यात भरपूर आहे. ती मजबूतही आहे, पण सरळ रेषांचा तुकडा निवडून घ्यावा लागतो आणि ३० मिमीच्या खालच्या दांडीला ती सहसा घेऊ नये. वखारीत स्टीम बीच मिळतं. नवशिक्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी, स्वभावाने ते सर्वांत सरळ.

सागाबद्दल वारंवार विचारलं जातं. साग टिकाऊ आहे आणि पावसाळ्यात कमी हलतो, पण त्याच्या वर्षवलयांत एक पट्टा सच्छिद्र आणि एक घट्ट असतो. सच्छिद्र पट्टा माथ्यावर आला की तिथला माथा तुटतो. सागावर आटे पाडायचेच असतील तर पिच ५ मिमीच्या खाली नको आणि बिट ९० अंशांचं घ्यावं. जुन्या हातमागाचा साग मिळाला तर तो वर्षानुवर्षं मुरलेला असतो, हा मोठा फायदा. आत तुटलेले खिळे असतात, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून बघा.

पाइन, आंबा, प्लायवूड आणि एमडीएफ यांवर वेळ घालवू नये.

दांडी कशी निवडायची आणि तयार करायची?

करवतीने कापलेल्या पट्टीपेक्षा रेषेवर फोडलेल्या तुकड्यातून कातलेली दांडी कितीतरी चांगली. रेषा दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. ३०० मिमी लांबीत रेषा १५ मिमीपेक्षा जास्त तिरकी गेली तर तो तुकडा बाजूला ठेवा. झाडाचा गाभा दांडीच्या मध्यात नको, तिथून ती तडकते.

विकतची २५ मिमीची दांडी व्हर्नियरने तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. ती २४.६ निघते किंवा अंडाकृती असते. ०.२ मिमीपेक्षा जास्त अंडाकृती असेल तर पुन्हा कातून घ्या. नाहीतर आट्यांची खोली प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते आणि नट फिरताना एकदा सैल, एकदा घट्ट लागतो.

पिच, कोन आणि खोली किती ठेवावी?

पिच साधारण व्यासाच्या पाचव्या भागाइतकी आणि कधीही ३ मिमीपेक्षा कमी नको. माथ्यावर ०.४ ते ०.८ मिमीचा सपाट काठ सोडा. धारदार टोकाचा माथा पहिल्याच वापरात झडतो.

१२ मिमी दांडीला ३ मिमी पिच, ६० अंशांचं बिट, खोली २.२५. २० मिमीला ४ मिमी पिच, ६० अंश, खोली ३. २५ मिमीला ५ मिमी पिच, ९० अंश, खोली २.२. ३८ मिमीला ६ मिमी पिच, ९० अंश, खोली २.६.

९० अंशांत आटा रुंद आणि बुटका होतो. त्याचा पाया भक्कम राहतो आणि दांडीचा गाभाही जाड उरतो. २५ मिमीच्या दांडीवर २.२ खोलीने गाभा २०.६ मिमी राहतो. तीच दांडी ६० अंशांच्या बिटने ४.२३ पिच आणि ३.२ खोली ठेवून कापली तर गाभा १८.६ वर येतो. दाबाच्या कामाला ९० अंशच घ्यावेत. डब्याच्या झाकणासारख्या नाजूक कामाला ६० अंश सुबक दिसतात.

आधी दांडी की आधी नट?

आधी नट. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नटचे आटे टॅपने पडतात आणि टॅपचं माप बदलता येत नाही. दांडीची खोली मात्र स्टॉपवर दशांश मिलिमीटरने कमीजास्त करता येते. ज्या टॅपने काम होणार त्याच टॅपने, त्याच लाकडात आधी एक नट काढा आणि दांडी त्या नटमध्ये बसवत बसवत कापा. दांडी आधी कापून मग तिला जुळेल असा टॅप शोधत बसलेले लोक शेवटी दांडीच फेकतात.

टॅप विकत मिळाला नाही तर लेथवाल्याकडून बनवून घेता येतो. मिलवर जी पिच आणि जो कोन ठेवणार तोच त्याला द्या. टोकाकडचे चार-पाच आटे उतरते हवेत, म्हणजे टॅप हळूहळू कापत आत जातो. तीन किंवा चार खाचा कापाव्यात आणि कापणाऱ्या धारेमागे थोडी सूट द्यावी. लाकडासाठी वरून कडक केलेलं माइल्ड स्टील पुरतं.

छिद्र किती पाडायचं? २५ मिमी, ५ पिच, ९० अंशांच्या टॅपला २१ ते २१.५ मिमी. इंची टॅप, इंचात ६ आटे असतील तर २२ मिमी. छिद्र लहान ठेवलं म्हणजे पकड वाढते, हा समज चुकीचा आहे. टॅप लाकूड कापण्याऐवजी चिरडतो आणि नटच फाटतो. टॅपला जवसाचं तेल लावा. दर दोन फेऱ्यांनी अर्धा फेरा मागे घ्या आणि खाचांत साठलेला भुसा टोकदार काडीने काढून टाका.

प्रत्यक्ष आटे पाडायचा क्रम काय?

दांडी हव्या लांबीपेक्षा ३० मिमी जास्त घ्या. टेलस्टॉककडचं टोक आट्यांच्या तळाच्या व्यासापर्यंत ४५ अंशांत उतरतं करा. आटे जिथे संपणार तिथे आट्यांच्या खोलीइतकी आणि ७-८ मिमी रुंद खाच कातून ठेवा. राउटर तिथे मोकळा होतो आणि शेवटचा आटा अर्धवट राहत नाही.

बिटचं टोक टेलस्टॉकच्या सेंटरच्या टोकाला अगदी भिडेल असं जुळवा. बिट बाजूला गेलं तर आट्याच्या दोन्ही बाजू सारख्या पडत नाहीत. असा आटा नटमध्ये जातो, पण भार एकाच काठावर येतो.

बिटच्या दांड्याचं आणि कोलेटचं, म्हणजे तो दांडा धरणाऱ्या पकडीचं, माप तपासा. ६ मिमीचं बिट पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे ६.३५ मध्ये, आवळल्यासारखं वाटतं, पण चालू असताना ते सुटून येऊ शकतं. ते कधीही करू नका.

राउटर १८,००० ते २२,००० फेऱ्यांवर ठेवा. व्ही बिटच्या अगदी टोकाला कापण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे वेग कमी ठेवला तर तळाला लाकूड कापलं न जाता दाबलं जातं. टोकाला ०.२ मिमी सपाट असलेलं बिट मिळालं तर तळ स्वच्छ येतो.

राउटर दांडीच्या बाहेर हवेत सुरू करा आणि तिथूनच लाकडात शिरा. २५ मिमीच्या दांडीला एक फेरा ५ ते ७ सेकंदांत, न थांबता. मूठ मधेच थांबली की बिट एकाच जागी घासतं आणि तिथे काळा डाग पडतो. पहिल्या पासला १.८ मिमी खोली घ्या. मग राउटर ५ मिमी उचला आणि मूठ उलटी फिरवत सुरुवातीच्या जागेच्या निदान एक फेरा मागे जा. तिथून पुढे येताना लीड स्क्रूतली ढिलाई निघून जाते. दुसरा पास ०.४ चा. तिसरा त्याच खोलीवर रिकामा, नुसती कुसं काढायला. परत येताना कधीही कापू नये. या सगळ्यात चक सोडायचं नाही आणि गिअर हलवायचे नाहीत.

तिसऱ्या पासनंतर दांडी जागेवरच ठेवून नट फिरवून बघा. घट्ट वाटला तर आणखी ०.१ मिमी खोली द्या. शेवटी टोकाचा १० मिमी भाग कापून टाका, कारण पहिला आटा नेहमी कमजोर असतो.

दांडी तेलात का बुडवायची? कोणतं तेल?

तेलाने रेषे लवचीक होतात, कापले जाताना तुटून उडत नाहीत आणि बिटही थंड राहतं. जवसाचं तेल घ्या, कारण ते लाकडात सुकून घट्ट होतं. निम्मं टर्पेंटाइन घातलं तर लवकर मुरतं. एका बाजूने बंद केलेला पीव्हीसी पाइप उभा ठेवून त्यात दांडी १२ ते २४ तास बुडवा. मग पुसून एक दिवस टांगून ठेवा. आपल्याकडे करडईचं तेल घरोघरी असतं म्हणून बरेच जण ते वापरायचं का असं विचारतात. ते अर्धवट सुकणारं तेल आहे, पृष्ठभाग बराच काळ चिकट राहतो. निकड असेल तरच वापरा.

दांडीचा जो भाग पुढे गोंदाने मुठीत बसवायचा आहे तो तेलात बुडवू नका, तिथे गोंद धरत नाही. तेल नको असेल तर चपड्याचा पातळ हात द्या: एक भाग चपडा, आठ भाग स्पिरिट.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली हा धोका फार मोठा आहे. फडकी पाण्याच्या बादलीत टाका किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

माथे तुटतात. कारण कसं ओळखायचं?

तुटलेला तुकडा हातात घेऊन बघा. तो काय सांगतो ते महत्त्वाचं आहे. तुकडा पातळ पापुद्र्यासारखा, वर्षवलयाच्या रेषेवर निघाला असेल तर लाकूडच चुकलं. तो जाड, खडबडीत आणि एकाच बाजूला निघत असेल तर बिट बोथट आहे किंवा मूठ फार जोरात फिरते आहे. दांडीच्या एकाच अंगाला, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी तुटत असेल तर तिथे रेषा तिरकी जाते आहे. सगळीकडे तुटत असेल आणि माथ्याचा सपाट काठ नाहीसा झाला असेल, तर खोली जास्त झाली.

व्ही खाचेची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी किंचित कुसळी येणं मात्र दोष नाही. बिट एका बाजूला लाकडाच्या चालीबरोबर आणि दुसऱ्या बाजूला चालीविरुद्ध कापतं. ती कुसं रिकाम्या पासने आणि नंतर ताठ दातांच्या ब्रशने निघतात. पॉलिश पेपर वापरू नका, त्याने माथे गोल होतात.

एखादाच छोटा तुकडा उडाला असेल तर तिथे पातळ सुपरग्लू मुरवून पुढे जायला हरकत नाही. तीन-चार माथे झडून गेलेत अशा आट्यांचे लाड करू नयेत.

उन्हाळ्यात सहज फिरणारा नट पावसाळ्यात अडकतो. का?

सोलापूरची हवा वर्षात फार बदलते. मेच्या दुपारी आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि लाकडातली ओल ५ टक्क्यांच्या आसपास येते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच १३ टक्क्यांपर्यंत चढते. २५ मिमीची सागाची दांडी या ८ टक्क्यांत वर्षवलयांच्या दिशेने साधारण ०.४ मिमी आणि त्याला काटकोनात ०.१७ मिमी फुगते. म्हणजे गोल दांडी अंडाकृती होते. सागाहून जास्त हलणाऱ्या लाकडात आकडे आणखी मोठे.

नटमध्ये दुसरंच काही घडतं. नटच्या लाकडाच्या रेषा छिद्राला आडव्या असतात. रेषेच्या दिशेने लाकूड जवळपास वाढतच नाही, म्हणून त्या दिशेने छिद्र तेवढंच राहतं आणि फुगलेली दांडी तिथे दोन समोरासमोरच्या जागी घासते. अडकलेली दांडी काढून पाहिली तर माथ्यांवर समोरासमोर दोन चकचकीत पट्टे दिसतात. खूण तीच.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दांडीत रेषा लांबीला असल्यामुळे तिची पिच बदलत नाही. नट मात्र जाडीत फुगतो, म्हणजे त्याची पिच वाढते. ३८ मिमी जाडीचा सागाचा नट वर्षवलयांच्या दिशेने ०.६ मिमीपर्यंत जाड होऊ शकतो. सात-आठ आट्यांत तेवढा फरक साठला की दोन्ही टोकांचे आटे एकमेकांना चावतात. म्हणून नटची जाडी व्यासाच्या सव्वा पटीपेक्षा जास्त ठेवू नये. नटचा तुकडा असा कापावा की वलयं छिद्राच्या दिशेला आडवी यावीत. असं नुसतं ऐकून उमजत नाही, म्हणून सोपी खूण: नटच्या जाडीच्या कडेकडे, म्हणजे रेषांची टोकं दिसतात त्या बाजूला पाहा. तिथली वलयं छिद्राच्या दोन्ही तोंडांना समांतर दिसली पाहिजेत. मग जाडीतलं फुगणं निम्म्याहून कमी होतं.

उन्हाळ्यात कापत असाल तर दांडी ०.५ ते ०.६ मिमी बारीक ठेवा. पावसाळ्यात कापत असाल तर ०.३ पुरे. फेब्रुवारीपर्यंत ती आपोआप मोकळी होते.

लांब दांडी मधे वाकते आणि आटे उथळ पडतात. उपाय?

लांबी व्यासाच्या १२ पटींपेक्षा जास्त झाली की आधार हवाच. सर्वांत चांगला आधार म्हणजे राउटरच्या गाडीलाच जोडलेला लाकडी बुश, कापणाऱ्या बिटच्या लगेच पुढे, दांडीपेक्षा ०.१ मिमी मोठ्या छिद्राचा. त्याला मेण चोळा. तो न कापलेल्या भागावर सरकतो, म्हणून आट्यांना धक्का लागत नाही. १२ मिमीची दांडी १४४ मिमीपेक्षा लांब असेल तर बुशशिवाय हात लावू नका.

एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ असे आटे पडत असतील तर दांडी वाकत नाही, रूळ आणि सेंटरची रेषा समांतर नाहीत. दोन्ही टोकांना दांडीपासून राउटरच्या गाडीपर्यंतचं अंतर मोजा आणि टेलस्टॉकखाली पट्टी घाला.

अर्ध्या फेऱ्यात बंद होणारं झाकण हवं. मिलवर जमेल?

जमेल, आणि मिलची खरी मजा इथेच आहे. स्पिंडलवर नक्षीकामाची इंडेक्स प्लेट असते, ती काढून टाकू नका. ४ मिमी अंतराचे दुहेरी आटे हवे असतील तर गिअर ८ मिमीच्या चालीला (राउटर एका फेऱ्यात सरकतो ते अंतर) जुळवा, म्हणजे ६४:४०. पहिला आटा पूर्ण कापा. मग फक्त दांडी इंडेक्स प्लेटवर १८० अंश फिरवून दुसरा आटा कापा. लीड स्क्रू जागचा हलता कामा नये. अर्ध्या फेऱ्यात झाकण ४ मिमी खाली बसतं. डब्याच्या तोंडाला ८ मिमी उंचीचे आटे भरपूर झाले.

झाकणाच्या आतले आटे ३८ मिमीपेक्षा मोठ्या तोंडालाच मिलवर पाडता येतात, कारण कापणारी चकती आत शिरायला जागा लागते.

लोखंडाची डाय (दांडीवर बाहेरून आटे पाडणारं हत्यार) लाकडावर चालते का?

एम २४ ची पिच ३ मिमी असते, तिथपर्यंत घट्ट लाकडात तात्पुरतं चालून जातं. त्याखालच्या मापांत पिच इतकी बारीक असते की माथे हातातच चुरा होतात. शिवाय डाय लाकूड कापत नाही, खरवडते.

गिअरऐवजी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) लावली तर?

चालते, आणि कोणतीही पिच आकड्याने देता येते. स्पिंडलला एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारं उपकरण) आणि लीड स्क्रूला स्टेपर लागतो. पण दुरुस्ती स्वतःला येत असेल तरच करा. राउटरच्या भुशाने सैल जोडण्या बिघडतात आणि स्टेपरने एक पाऊल चुकवलं की ती दांडी वाया जाते.

कापता कापता लाइट गेली तर?

मूठ लगेच थांबवा आणि त्याच जागी राउटर वर उचला. बिट लाकडात रुतलेलं असताना मूठ पुढे फिरवली तर टोक मोडतं. राउटरचं बटण बंद करा, नाहीतर लाइट आल्यावर तो एकदम सुरू होतो. पुन्हा सुरू करताना दोन फेरे मागे जाऊन हवेत राउटर चालू करा, जुन्या खाचेवर आणा आणि मग खाली टेकवा.

आट्यांना वंगण कशाचं?

मेणबत्तीचं मेण. आट्यांवर आडवं चोळा, नट चार वेळा वरखाली फिरवा, जास्तीचं ब्रशने काढा. ग्रीस आणि मशीनचं तेल नको, त्यात भुसा चिकटून आटे झिजतात. वॉर्निशचा जाड थरही नको, तो माथ्यावरून पापुद्र्याने सुटतो आणि नटमध्ये अडकतो.